झाडूचं साफ, काडीचं साफ

लांजेवार मॅडम पान आधी कानाशी न्यायच्या. आपण फूल नाकाशी नेतो, तसं. सागाचं, पळसाचं, कोणतंही वाळलेलं पान खाली दिसलं की उचलायचं, कानाजवळ धरून मुठीत चुरायचं आणि डोळे बारीक करून ऐकायचं. मग म्हणायच्या, "वाजते." किंवा, "अजून नाही वाजत."

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या ऑफिसच्या फाटकात. फेब्रुवारी संपत आला होता. मी झाडत होते. त्यांनी माझ्या कचऱ्याच्या ढिगातूनच पान घेतलं, ऐकलं आणि मला विचारलं, "आठ दिवसांत पेटण्याजोगं होते हे. तुले काय वाटते वं?"

मला काय वाटतं, हे त्या ऑफिसात कोणी कधी विचारलेलं नव्हतं. मी झाडू घेऊन इमारतीच्या मागे निघून गेले.

ऑफिस अमरावती रोडच्या बाजूला, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथं जंगलाचे नकाशे होतात. मी तिथं झाडू-पोछा आणि चहा करते. शिक्षण चौथीपर्यंत. बिघडलेले नकाशे एका बाजूनं कोरे असतात आणि रद्दीत जातात. त्यातलेच कागद कापून मी वही शिवली आहे आणि त्या वहीत हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी माझ्या माहेरच्या गावाचं नाव लिहिणार नाही. उमरेडच्या पुढं, जंगलाला लागून आहे, एवढंच.

मॅडम पंचावन्नच्या पुढच्या होत्या. ठेंगण्या. अंगावर सुती साडी आणि पायात पोरं खेळायला घालतात तसे बूट. खांद्यावर कापडी झोळा असायचा, त्यात श्रीखंडाचे रिकामे डबे, आणि प्रत्येक डब्यात वेगळ्या झाडाची पानं. झाकणावर तारीख. त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या. साहेब लोकांशी पुस्तकातलं बोलायच्या, आमच्या टायपिंगवाल्या पांडे बाबूंशी हिंदीत, आणि माझ्याशी घरातलं. मी उत्तर देत नसे. त्याचं त्यांना काही वाटत नसे. उत्तर येईपर्यंत त्या पुढचा प्रश्न विचारत.

ऑफिसात डबे गरम करायचा ओव्हन आहे. मॅडमनी आल्या-आल्या त्यात पानं ठेवायला सुरुवात केली. आधी छोट्या काट्यावर पानं तोलायची, मग ओव्हनमध्ये थोडी तापवायची, पुन्हा तोलायची. वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत हेच. जेवढं वजन गेलं तेवढं पानातलं पाणी. पाणी कमी, तर पान लवकर पेट घेणार. एवढं मलाही बघून-बघून कळलं. पण पांडे बाबूंचा डबा त्याच ओव्हनमध्ये जायचा.

"मॅडम, आज फिर सागौन की सब्ज़ी?" ते दारातूनच विचारत. "मेरी दाल में पत्ते की बास आती है."

"बास नहीं पांडेजी, जंगल है. खाइए. मुफ्त का है."

एकदा बांबूची पानं जास्त तापली आणि ओव्हनमधून धूर निघायला लागला. पांडे बाबू पाण्याची बाटली घेऊन धावले. मी मेन स्विचकडे पळाले. मॅडम मात्र काचेला नाक लावून उभ्या, एका हातात घड्याळ. "एक मिनिट, पांडेजी, एक मिनिट! देखने तो दो कितने में पकड़ता है!" मी स्विच बंद केला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चालू असलेलं गाणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घरून एक जुना ओव्हन आणला आणि त्यावर चिठ्ठी लावली, "हा पानांचा."

त्यांचं मुख्य काम होतं विदर्भाच्या एवढ्या मोठ्या जंगलाला नंबर लावायचं. कुठं वणव्याचा धोका जास्त, कुठं कमी. जंगलाचे तुकडे असतात. एका वनरक्षकानं सांभाळायच्या तुकड्याला बीट म्हणतात, आणि त्याला जवळच्या गावाचं नाव असतं. प्रत्येक बीटला मार्क द्यायचे. झाडं कोणती, चढ किती, रस्ता किती जवळ, गाव किती जवळ, ऊन किती, आधी कधी आग लागली होती. सगळे मार्क मिळवायचे, त्यावरून नंबर आणि नंबरावरून रंग. लाल सगळ्यात वाईट, मग नारिंगी, पिवळा, पोपटी आणि शेवटी हिरवा. जानेवारीच्या शेवटी ती यादी पुढं जाणार होती. उन्हाळ्यात आगीवर लक्ष ठेवणारे मजूर कोणत्या गावाला मिळतील, जाळरेषा, म्हणजे आग ओलांडू नये म्हणून जंगलात साफ करून ठेवतात तो पट्टा, आधी कुठं निघेल, हे त्या यादीवर ठरायचं. ज्याचा नंबर वर, त्याला आधी. खालच्यांना उरलं तर.

मला हे कसं कळलं? मॅडमनीच सांगितलं. मी टेबल पुसत होते.

"कौसल्या, सकाळी कोणती खोली आधी झाडते वं तू?"

मी हळूच म्हटलं, "मोठी."

"काहून?"

"लोक जास्त येतात. चिखल येतो."

"अन् शेवटी?"

"कागदाची खोली. तिथं कोणी जात नाही."

"झालं तर! तूबी नंबरच लावते. मी जंगलाले लावते, तू खोल्यांले." मग जरा थांबून, "पण पाहून लावते का ठरवून लावते? कागदाच्या खोलीत कोणी जात नाही, हे तुले कोणी सांगितलं?"

त्या दिवशी मी कागदाची खोली उघडून पाहिली. खिडकीच्या फटीतून कबुतरं येत होती. खाली हा एवढा कचरा. मॅडमना मी ते सांगितलं नाही, पण खोलीचा नंबर वर आणला.

"हा रंग कोणी दिला?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. स्वतःच्याच नकाशासमोर उभं राहून विचारायच्या. रंग त्यांनीच दिलेला असायचा, तरी विचारायच्या.

दिवाळीनंतर कच्चा नकाशा मोठ्या खोलीच्या भिंतीवर लागला. त्यावर त्यांनी जुन्या आगींचे काळे ठिपके दिले होते. आकाशातून उपग्रहाला दिसलेल्या आगी. बरेचसे ठिपके लाल-नारिंगीवर पडले होते, ते बरोबरच होतं. पण काही ठिपके हिरव्या गावांच्या कडेनं, रांगेनं बसले होते. गुळाभोवती मुंग्या जमाव्यात तसे. मॅडमना त्या ठिपक्यांनी पछाडलं. चहा घेऊन गेले की त्या तिथंच.

"पांडेजी, ये यहाँ क्यों लगती है?"

"बीड़ी, मॅडम. आते-जाते फेंक देते हैं."

"बीड़ी पीनेवाले क्या सिर्फ मार्च में आते हैं? अप्रैल में छोड़ देते हैं?"

पांडे बाबू हसले. मी हसले नाही. कारण तोपर्यंत मी नकाशात माझं गाव शोधलं होतं. अक्षरं जुळवत, बोट फिरवत, कोणी नसताना. ते हिरवं होतं. यादीत शेवटून चौथं. आणि त्याच्या कडेनं ठिपके होते.

मला त्या ठिपक्यांचं कारण माहीत होतं.

आमच्याकडं मार्चमध्ये मोहाची फुलं पडतात. पहाटे वेचायची, वाळवायची, विकायची. फूल छोटं, पिवळट, आणि झाडाखाली वाळल्या पानांचा थर. त्यात फूल दिसत नाही. म्हणून फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून देतात. जमीन काळी, मोकळी होते आणि त्यावर फूल उठून दिसतं. याला आमच्या गावात कोणी जाळणं म्हणत नाही. साफ करणं म्हणतात. "तुझ्या मोहाखाल साफ झालं काय वं?" असं बायका एकमेकींना विचारतात. विस्तव पायानं, फांदीनं विझवतात. एखादे दिवशी वारा सुटतो आणि मग तो विझत नाही.

मी तिसरीत होते तेव्हा असाच एक विस्तव सुटला. टेकडी जळाली, दोन घरांचा गोठा जळाला, एक म्हैस गेली. वनरक्षक आला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, कोणीतरी वाटसरू बिडी टाकून गेला. ती काडी माझ्या मायनं ओढली होती. मी तिच्या शेजारी टोपली धरून उभी होते. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

माय आता सत्तरीची आहे. गावातलं शेवटचं घर तिचं, अंगण संपलं की जंगल. अजून एकटी मोह वेचते. गाव असं खाली राहिलं तर तिथं ना मजूर येणार, ना जाळरेषा निघणार. आणि मी खरं सांगितलं तर? केस झाली तर? मोहाला हात लावायचा नाही असं निघालं तर? माझ्याच तोंडानं मायला चौकीत नेल्यासारखं होईल.

आणि चूक कुठं झाली होती, तेही मला दिसलं होतं. गावागावांत फॉर्म भरायला कॉलेजची मुलं गेली होती. ते फॉर्म गठ्ठ्यानं टेबलावर असायचे. पुसताना मी आमच्या गावाचा वाचला. "गावकरी जंगलात आग लावतात का?" नाही. "झाडाखालचा पालापाचोळा साफ करतात का?" हो, दरवर्षी. हे वाचून मॅडमनी गावाचे धोक्याचे मार्क कमी केले होते. पाला नाही तर आग कशाला लागेल? त्यांना वाटलं, बायका झाडूनं झाडतात. मुलांनी जे ऐकलं ते लिहिलं, गावानं जे खरं ते सांगितलं. कोणीच खोटं बोललं नव्हतं.

मी आठ-दहा दिवस काही बोलले नाही. चहात साखर दोनदा टाकली, एकदा टाकलीच नाही. जानेवारी अर्धा झाला. मग एका सकाळी, कोणी यायच्या आधी, रद्दीच्या कागदाच्या तुकड्यावर चार शब्द लिहिले आणि टाचणीनं नकाशावर, हिरव्या भागात लावले. माझ्या गावावर नाही, जरा बाजूला.

मॅडम आल्या. पर्स-झोळा खांद्यावरच, त्या चिठ्ठीसमोर किती तरी वेळ उभ्या. मग सगळ्यांना विचारत फिरल्या. पांडे बाबूंना, नकाशे काढणाऱ्या मुलींना, खाली वॉचमनला. "हे कोणी लिहिलं?" कोणालाच माहीत नव्हतं. मी चहाच्या खोलीत कप धूत होते. धुतलेलेच पुन्हा धूत होते.

दुपारी त्या आत आल्या. फळीवरून साखरेचा डबा काढला. त्यावर मीच कधीची चिठ्ठी लावलेली आहे, "साखर. झाकन लावने." त्यांनी हातातली चिठ्ठी त्याच्या शेजारी ठेवली. "साफ म्हनजे जाळने वो." दोन्हीकडे ण च्या जागी न, तेव्हा मी तसंच लिहायची. दोन्हीकडे शेपटी लांब ओढलेला ने.

"तुझा न सापडला वं," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातून कप पडला. फुटला नाही, बेसिनमध्येच पडला. मी म्हटलं, "मी नाही."

"बरं. नको सांगू. पण ज्यानं लिहिलं त्याले माहीत असंल म्हणून विचारून राहिली. सगळ्या झाडाखाल जाळतात का फक्त मोहाखाल?"

मी कप उचलून पालथा घातला.

"सकाळी का सायंकाळी?"

मी दुसरा कप घेतला.

"एका झाडाखाल किती? या खोलीएवढं?"

आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "एवढं नाही. फांद्या जिथवर जातात तिथवर. सायंकाळी, वारा पडला की. तेवढं आपण पायानं विझवू शकतो. पण पोरीबाळी असल्या तर नाही विझत."

मॅडमनी स्टूल ओढलं. मग किती वेळ गेला मला कळलं नाही. त्या विचारत होत्या आणि मी सांगत होते. किती दिवस आधी पेटवतात, मालकीचं झाड कसं ओळखतात, बिडीच्या तेंदूपानांसाठी पण जाळतात का, वारा कुठून येतो. बिडीचं सांगितलं. म्हशीचं सांगितलं. मायचं नाव नाही सांगितलं. त्या मधून-मधून मांडीवर थाप मारत, "अस्सं!" म्हणत. एवढ्या मोठ्या बाईला माझ्या बोलण्यात एवढं काय सापडत होतं, हे कळेना म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिले. "म्हणून मार्च," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणून गावाच्या कडेनं. छोटी आग वरून दिसतच नाही, पळाली तरच दिसते. अन् मी त्याच गावाले शाबासकी देऊन ठेवली!" आणि त्या मोठ्यानं हसल्या. स्वतःच्या चुकीला असं हसणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग मी माझा एकच प्रश्न विचारला. "मॅडम, केस होईल का?"

त्यांनी चिठ्ठी उचलली, घडी केली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. "पाहू," एवढंच म्हणाल्या.

चार दिवसांनी मोठे साहेब लोक नकाशा बघायला आले. मी चहा घेऊन गेले तेव्हा मॅडम नवा थर दाखवत होत्या. मोहाची झाडं कुठं दाट आहेत आणि गावापासून किती लांब, त्यावर मार्क. फॉर्ममधल्या "साफ" वरून कमी केलेले मार्क त्यांनी काढून टाकले होते. एक साहेब म्हणाले, "म्हणजे गावकरीच आग लावतात, असं सरळ लिहा ना. गावांची नावं द्या."

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि तिथंच उभी राहिले. मॅडमनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"मी जंगलाला नंबर लावते साहेब, माणसांना नाही," त्या म्हणाल्या. "मोह कुठं आहे ते मी लिहिलंय. जिथं मोह तिथं मार्च महिन्यात विस्तव. शेकडो गावांत मोह आहे. आणि खाली लिहिलंय, या गावांना मजूर आधी द्या आणि झाडाखाली अंथरायला जाळी द्या. भाजीवाले शेतावर टाकतात तसली हिरवी. फूल जाळीत पडलं की पाला पेटवायचं कामच नाही."

"आणि याला पुरावा?"

"ठिपके," मॅडम म्हणाल्या, आणि साखर न घातलेला कप उचलला.

माझं गाव हिरव्यातून नारिंगीत गेलं. दुसऱ्या एखाद्या बाईला आपलं गाव नारिंगी झालेलं पाहून वाईट वाटलं असतं. मी त्या दिवशी घरी शिरा केला.

तेव्हापासून एक खोडी त्यांना लागली. मी ऑफिस झाडताना कोणी विचारलं आणि मी "साफ करून राहिली" म्हटलं, की आतून मॅडमचा आवाज, "कोणतं साफ वं? झाडूचं का काडीचं?" पांडे बाबूंना वाटायचं आम्हा दोघींना उन्हाळा बाधला.

मार्चमध्ये त्यांनी मला गाडीत बसवून गावाला नेलं. जाळ्या पाच-सहा घरांनाच मिळाल्या होत्या, मायचं घर त्यात होतं. पहाटे आम्ही पोचलो तेव्हा माय जाळीवर वाकली होती. मॅडम तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या आणि फुलं वेचायला लागल्या.

"माय, एक सांग. हे फूल पहाटेच काहून पडते?"

"त्यालेच विचारा न बाई! मी काय त्याची सासू आहो?"

मॅडम इतक्या हसल्या की त्यांच्या ओच्यातली फुलं सांडली. मग मायच मला म्हणाली, "तुह्या मॅडमले सांग, कमरेले आराम पडला. यंदा साफ करा नाही लागलं."

"कोणतं साफ, माय?" मॅडमनी फूल वेचता-वेचता विचारलं. "झाडूचं का काडीचं?"

माय माझ्याकडं बघायला लागली. मी खाली बघितलं. मग मायनं पदर तोंडाशी धरला आणि म्हणाली, "काडीचं. तीस-चाळीस वर्सं झाली, एक डाव लय मोठं साफ झालं होतं माह्या हातानं." आणि तिनं म्हशीचं सगळं सांगितलं. मी ऐकत होते, जसं काही मला माहीत नव्हतं. मॅडमनी फक्त एक विचारलं, "त्या दिवशी वारा कुठून होता, माय?" मायला ते आठवत होतं. बोटानं टेकडी दाखवली. मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मायचं नाव नाही लिहिलं, मी वाकून पाहिलं.

त्या वर्षी आमच्याकडं आग लागली नाही. मी मॅडमसाठी संत्रा बर्फी नेली. त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, "लागली नाही म्हणून आपण बरोबर, असं नाही होत वं. पाऊस उशिरापर्यंत होता म्हणूनबी नसंल लागली. चार-पाच वर्षं पाहा लागते." मग तिसरा तुकडा घेतला. "पण तू पाहत राहा. मी इथं नसंन."

मे महिन्यात त्यांचं काम संपलं. भंडाऱ्याला परत जाणार होत्या. निरोपाचा हार, भाषण काही त्यांनी होऊ दिलं नाही. पानांचा ओव्हन पांडे बाबूंना दिला. पांडे बाबूंनी तो घरी नेला नाही, अजून ऑफिसातच आहे. "इसमें से जंगल नहीं जाता," म्हणतात.

त्या सकाळी मी फाटकात झाडत होते. झोळा घेऊन त्या खाली आल्या, ऑटो उभाच होता. चढता-चढता थांबल्या, माझ्या ढिगातून एक पान उचललं आणि मूठ कानाशी नेली. मी रस्त्यात कधी मोठ्यानं बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"मॅडम, वाजते का?"

"वाजते!" त्या ऑटोत बसल्या. ऑटो सुरू झाला तसं त्यांनी डोकं बाहेर काढलं. "अन् तू काय करून राहिली वं?"

"साफ करून राहिली!"

"कोणतं?"

मी झाडू डोक्याच्या वर धरून दाखवला. शेजारच्या पानठेल्यावरचे लोक बघत होते, तरी धरला. मॅडमनी मान हलवली, मुठीतला चुरा रस्त्यावर सोडला आणि ऑटो वळला.

मग मी तो चुराही साफ केला. झाडूनं.